रक्तगट म्हणजे साखरच!

कार्बोहायड्रेट म्हटलं की हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं – मेसचा भात आणि त्यावर बटाट्याची भाजी! पण मेडिकलला असलेल्या माझ्या ताईने सुट्टीत असं काही सांगितलं, की तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाही. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते.

वीट एकच, ग्लुकोज. ती जोडायची कशी, यावर सगळा खेळ. अल्फा जोड असेल तर स्टार्च, म्हणजे आपला भात. बीटा जोड असेल तर सेल्युलोज, म्हणजे कापूस, आणि आपण ज्यावर असाइनमेंट उतरवतो तो कागद! भात पचतो, कागद नाही, कारण बीटा जोड तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठतं ते ग्लायकोजेन. त्याला फांद्या भरपूर, म्हणजे टोकं भरपूर. गरज पडली की अनेक टोकांपासून एकदम ग्लुकोज सुटतं. काय डिझाइन आहे!

पण खरी गंमत रक्तात आहे. तांबड्या पेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांना फ्यूकोज नावाची साखर जोडली की 'एच' तयार होतो. त्यावर आणखी एक साखर लागली की 'ए', वेगळी लागली की 'बी', दोन्ही असल्या तर 'एबी' आणि काहीच नाही लागलं तर 'ओ'. म्हणजे आपला रक्तगट ठरतो एवढ्याशा साखरेवरून.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक सापडले, ज्यांच्या पेशींवर 'एच'सुद्धा नव्हता. हाच तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ए नाही, बी नाही, म्हणून साध्या स्लाइड टेस्टमध्ये तो 'ओ'च दिसतो. पण अशा माणसाला 'ओ' रक्त दिलं, तर त्याच्या अँटिबॉडी त्या 'एच'वर तुटून पडतात आणि जीवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणून तर रक्त देण्याआधी क्रॉस-मॅचिंग करतात.

माझ्या आय-कार्डवर 'ओ पॉझिटिव्ह' आहे, तेही शाळेतल्या एका कॅम्पमधल्या स्लाइड टेस्टवरून. ताईचं ऐकल्यावर झोप कुठली येते! ब्लड बँकेत जाऊन रक्तदान केलं आणि तिथे पूर्ण तपासणी झाली. ओळखीच्या ओ पेशी माझ्या सीरममध्ये टाकून पाहिल्या. गुठळ्या झाल्या नाहीत. म्हणजे मी साधी 'ओ'च. खोटं कशाला बोलू, जरा निराशाही झाली!

मित्रहो, ओ गटवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, बॉम्बे गट फारच दुर्मिळ आहे. पण पुढच्या कॅम्पला फक्त बिस्किटं आणि सर्टिफिकेटसाठी येऊ नका. आपल्यातला एखादा बॉम्बे गटाचा निघाला, तर कुठल्या तरी हॉस्पिटलमध्ये त्याच्याच बाटलीची वाट बघणारा कुणीतरी असू शकतो.