मलिद्याच्या ताटातील काळी फळे

कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचे गाव पर्थपासून सुमारे 600 किलोमीटर आत आहे. 1903 पासून येथे पिण्याचे पाणीसुद्धा पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून नळाने येते. मग फळे दुरून येतात यात नवल ते काय! अशा गावी आम्ही एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो. पोहे, खोबरे, साखर सर्व जमते. पण बराखा होईपर्यंत कापलेली सफरचंदे व केळी काळवंडतात. मुले 'खराब झाले' म्हणून फोड बाजूला सारतात आणि वडीलधाऱ्यांचा जीव कळवळतो. प्रसंग लहान, पण अशाच लहान प्रसंगांतून मुले ताटापासून दूर जातात. म्हणून या काळेपणाचे मूळ आम्ही समजून घेतले.

फळाच्या पेशींत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे, तांबे असलेले एन्झाइम असते. पेशीतील सूक्ष्म कणांच्या पातळ पडद्यांना ते धरून असते. ज्या द्रव्यांवर ते काम करते, ती त्याच पेशीत पण वेगळ्या पिशवीत असतात. सुरी चालली की मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतील प्राणवायू मिळतो आणि तपकिरी रंग उतरतो. म्हणजे हे कुजणे नव्हे.

हे एन्झाइम पडद्यापासून सोडवणे मात्र कठीण. आमच्या गावाला हे चटकन पटेल. येथील काही सोने टेल्युरियमशी जखडलेले असते. 1896 मध्ये ते ओळखले गेले. नुसत्या सायनाइडने ते नीट सुटत नाही, म्हणून दगड आधी भाजावा लागे. फळाला भाजता येत नाही, कारण उष्णतेने एन्झाइमच मरते. तेव्हा फळ थंडीत वाटतात, ते वाटतानाच काळे पडू नये म्हणून क जीवनसत्त्व घालतात, आणि वेगाने फिरवून पडद्यांचा साका खाली बसवतात. त्यावर साबणासारखे द्रव्य घालून एन्झाइम सुटे करतात. स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 1989 मध्ये द्राक्षांसाठी ट्रायटन एक्स-114 वापरले. थंडीत ते पाण्यात विरघळते; कोमट केले की गढूळ होऊन वेगळे होते आणि बरीच घाण सोबत नेते. एन्झाइम पाण्यात उरते.

पुढे त्याची परीक्षा होते: रंग किती वेगाने चढतो, किती आंबटपणात व किती उष्णतेत ते थांबते. यातूनच आपल्या आजीच्या लिंबाचा उलगडा होतो. लिंबाच्या आंबटपणाने एन्झाइम मंदावते, क जीवनसत्त्व रंग बनू देत नाही.

दुसरीकडे हाच रंग आपण आनंदाने स्वीकारतो. सुलताना द्राक्षे तशीच उन्हात सुकवली तर तपकिरी होतात, त्यात या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. तासगावकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या द्रावणात बुडवून लवकर सुकवतात, म्हणून तेथील बेदाणा फिकट राहतो. शब्बाथच्या किद्दुशसाठी मनुका भिजवताना त्या काळ्या का म्हणून कोणी नाक मुरडत नाही!

असो. परदेशातील आपल्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे की, फळे शेवटी कापा, वर लिंबू पिळा, आणि तरीही फोड काळी पडली तर ती टाकण्याआधी मुलांना कारण सांगा. कारण कळले की आमची मुले फोड उचलतात.