बारीक माणसाची साखर

आमच्या घरात दोन भावांचे दोन साचे. मी आईच्या वळणावर गेलेला, म्हणजे ऐसपैस. धाकटा बापू वडिलांसारखा सडपातळ. रेल्वे स्टेशनवर लुकलुकत्या दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं, त्यातून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या तिकिटावरचं वजन सगळे हातोहात बघून हसायचे. बापूचं कुणी बघायचंसुद्धा नाही. पुढे शाळेत मुलांनी माझं नाव 'भोपळे गुरुजी' ठेवलं होतं. मला ते ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

२००४ साली शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. बापू त्या दिवशी सहज आला होता. माझं बोट टोचून झाल्यावर तिथली मुलगी त्याला म्हणाली, "काका, तुम्हीपण बघून घ्या ना." बापूने हात पुढे केलाही होता. मीच हसत म्हणालो, "अहो, याच्यात काय आहे तपासायला? वाऱ्याने उडेल तो!" सगळे हसले, बापूही हसला आणि त्याने हात मागे घेतला.

माझी साखर सीमारेषेवर निघाली. हिने त्याच दिवसापासून चहातली साखर बंद केली आणि मी पहाटे फिरायला लागलो. वजन फारसं उतरलं नाही, पण साखर जागेवर राहिली. बापू २००७ साली हृदयविकाराच्या झटक्याने गेला. बावन्न वर्षांचा होता. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, "यांना मधुमेह किती वर्षांपासून?" मी काय सांगणार? वडिलांना होता, एवढंच सांगितलं.

तेव्हापासून या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचत आलो. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं हे गणित बेल्जियमच्या क्वेटलेने १८३२ साली मांडलं. तो डॉक्टर नव्हता, आकडेशास्त्रज्ञ होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल कीज यांनी त्याला बीएमआय म्हटलं. बापूचं गणित मी नंतर करून पाहिलं. अठ्ठावन्न किलो, पाच फूट सहा इंच. साडेवीसच्या आसपास, म्हणजे आदर्श. माझं तीस, म्हणजे नापास.

२०१३ मध्ये कॅथरीन फ्लेगल यांनी सत्त्याण्णव अभ्यास एकत्र करून अठ्ठावीस लाखांवर माणसांचा हिशेब मांडला. त्यात २५ ते ३० बीएमआयच्या किंचित जाड लोकांत मृत्यूचं प्रमाण 'नॉर्मल' लोकांपेक्षा सहा टक्क्यांनी कमी आलं. मला अर्थातच गुदगुल्या झाल्या! पण २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये एक कोटीवर माणसांचा हिशेब आला. त्यांनी बिडी-सिगारेटवाले, आधीच आजारी असलेले आणि पहिल्या पाच वर्षांत गेलेले बाजूला काढले. मग सर्वांत कमी मृत्यू २० ते २५ मध्येच आले. आजाराने माणूस आधी वाळतो आणि मग जातो. आपण म्हणतो, बारीक होता म्हणून गेला. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल मी तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडत आलो होतो.

तरीही बापूचं कोडं त्याने सुटत नव्हतं. ते सुटलं पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांनी मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. साल पाहा, २००४. आमच्या शिबिराचंच साल.

चरबी ठेवायची मुख्य कणगी कातडीखाली असते. कणगी लहान असली की जास्तीचं धान्य ओसरीवर, देवघरात, चुलीपाशी सांडतं. शरीरात ते यकृतात आणि आतड्यांभोवती साठतं. मग इन्शुलिनचं चालेनासं होतं आणि साखर रक्तात राहते. बापूचं पोट शर्टाच्या दोन बटणांपाठी लिंबाएवढं पुढे आलं होतं. आम्ही त्याला "सुखवस्तू झालास" म्हणायचो.

आता माझं वजन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. गुडघे आणि रक्तदाबाची गोळी रोज आठवण देतात.

दिवाळीला बापूचा मुलगा आला होता. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, पुण्यात कंपनीत, दिवसभर खुर्चीत. मी विषय काढताच म्हणाला, "काका, माझा बीएमआय बावीस आहे. आणि पॅंट वीस वर्षं बत्तीसचीच." मी हिच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप आणली. पॅंट जिथे बांधतो तिथे नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. तो पोट आत घ्यायला लागला तेव्हा मी वर्गातला आवाज काढला. त्र्याण्णव सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना नव्वदपर्यंत चालतं.

"बाबांची किती होती?" त्याने विचारलं.

"कुणी मोजलीच नाही," मी म्हणालो. शिबिराची गोष्ट त्याला पहिल्यांदाच सांगितली. तो काही बोलला नाही. टेप मात्र त्याने स्वतःच गुंडाळली आणि खणात ठेवली.

सोमवारी उपाशीपोटी रक्त देऊन आल्याचा फोन आला. रिपोर्ट उद्या मिळेल.