चढणाऱ्याला वाट

पाचगणीचं टेबललँड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ‘मेसा’ म्हणजे काय हे फार समजावून सांगायला नको. चारी बाजूंनी तुटलेले कडे आणि माथा मात्र पोळपाटासारखा सपाट. स्पॅनिश भाषेत मेसा म्हणजे टेबलच. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात असे मेसा जागोजाग उभे आहेत. वरचा खडक कठीण, खालचा ठिसूळ. ऊन, वारा, थंडी आणि क्वचित कोसळणारा पाऊस यांनी खालचा थर कुरतडला जातो, वरचा थर आधाराविना राहून तुटतो, आणि कडा पुन्हा सरळसोट उभाच्या उभा. आपल्याकडे हा खेळ काळ्या पाषाणात आणि जांभ्यात चालतो, तिकडे लाल वालुकाश्मात.

युटा राज्यात मोआब नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या जवळच कॅनियनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान. त्यातल्या एका प्रचंड मेसाचं नाव मोठं सुंदर आहे, ‘आयलंड इन द स्काय’, म्हणजे आकाशातलं बेट. एका अंगाने कोलोरॅडो नदी, दुसऱ्या अंगाने ग्रीन नदी. दोघींनी लाखो वर्षं जमीन कापत नेली आणि मधे हे बेट उरलं. माथ्यापासून हजारभर फूट खाली खडकाची एक रुंद पायरी आहे. तिच्या काठावर पांढऱ्या दगडाची किनार असल्याने तिला ‘व्हाइट रिम’ म्हणतात. नद्या त्याहूनही हजारभर फूट खाली.

या बेटावर जायला दुसऱ्या बाजूने चांगला डांबरी रस्ता आहे. बहुतेक पाहुणे त्यानेच जातात, फोटो काढतात आणि परततात. पण खालून, नदीकाठाकडून, थेट कड्याला भिडून वर चढणारी एक कच्ची वाटही आहे. तिचं नाव शेफर ट्रेल. २०२३ च्या ऑक्टोबरात मी आणि माझी लेक त्या वाटेने जीप घेऊन वर गेलो.

साठी उलटलेल्या, स्वतः कधी चाक न धरलेल्या बाईला हे कुठलं वेड, असं कुणी विचारील. वेड मुळात आमच्या ह्यांचं. ह्यांना घाटांचा नाद. वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, एकही घाट त्यांनी सोडला नाही. गाडी जुनी फियाट. लेकीला गाडी शिकवली तीही घाटातच. तिने डेन्व्हरहून या वाटेचा फोटो पाठवला तेव्हा ह्यांनी तो कितीतरी वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “आलो की इथे जायचंच.” २०२१ साली ते गेले. वाट राहून गेली. म्हणून मी तिच्याकडे गेले तेव्हा लेक म्हणाली, “आई, बाबांची वाट आपण दोघी करू या.” मला नाही म्हणवेना.

डेन्व्हरहून मोआब साडेपाचशे किलोमीटरच्या वर. रॉकी पर्वत ओलांडून जावं लागतं. रात्री मुक्काम केला. सकाळी लेकीने आधी उद्यानाच्या कचेरीत रस्त्याची चौकशी केली. पाऊस झाला असेल तर या वाटेच्या नादी लागायचं नाही. तिथल्या एका थरातली माती भिजली की साबणासारखी निसरडी होते. सुदैवाने आठवडाभर थेंब नव्हता. मग भाड्याची जीप घेतली. चारही चाकांना ताकद मिळणारी आणि पोटाखाली भरपूर मोकळी जागा असलेली गाडी इथे लागते. पाण्याचे दोन मोठे डबे, जास्तीचं चाक, पोळी-भाजीची गुंडाळी आणि थर्मासात चहा. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही आणि मोबाइलला रेंज मिळेल असंही धरून चालायचं नाही.

सुरुवातीचा रस्ता डांबरी, कोलोरॅडोच्या काठाकाठाने. एका बाजूला गढूळ नदी, दुसऱ्या बाजूला लाल भिंत. भिंतीवर तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली माणसं नि जनावरं. पुढे पोटॅशचा कारखाना लागला. होय, आपले शेतकरी द्राक्षाला आणि उसाला टाकतात तेच पोटॅश! नदीचं पाणी जमिनीखालच्या क्षारांच्या थरात सोडतात, खारं झालेलं पाणी वर उपसतात आणि उथळ तळ्यांत उन्हाने आटवतात. आपल्या उरण-पेणकडच्या मिठागरांसारखंच. ऊन अधिक शोषलं जावं म्हणून पाण्यात निळा रंग घालतात. त्या तांबड्या रानात ती निळीशार तळी पाहून वाटतं, कुणीतरी पैठण्याच वाळत घातल्यात.

कारखान्याशी डांबर संपलं आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता सुरू झाला. काही मैलांवर नदीकडे झुकलेला एक कडा आला. लेकीने गाडी थांबवली. “आई, ‘थेल्मा अँड लुईस’ सिनेमाचा शेवट इथला.” १९९१ सालचा तो चित्रपट तिने मला आदल्याच रात्री दाखवला होता. त्यातल्या दोघी मैत्रिणींना परतीची वाट उरत नाही आणि त्या हातात हात घालून गाडी दरीत झोकून देतात. पडद्यावर ते ग्रँड कॅनियन म्हणून दाखवलंय, पण चित्रण इथे झालं. मी म्हटलं, “आपण दोघी आहोत खऱ्या, पण आपल्याला वर जायचंय बरं का!” ती खळखळून हसली.

या वाटेचा इतिहासही गमतीचा आहे. मुळात ती मूळ रहिवाशांची पायवाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर घराण्यातल्या पशुपालकांनी ती गुरांसाठी वापरली. हिवाळ्यात कळप माथ्यावरून खाली, मग पुन्हा वर. त्या अरुंद वाटेने गुरं हाकणं म्हणजे काय प्रकार असेल! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अणुबाँबसाठी युरेनियम हवं झालं. १९५२ साली चार्ली स्टीन या भूगर्भतज्ज्ञाला मोआबजवळ मोठा साठा सापडला आणि सारं रान खोदणाऱ्यांनी भरून गेलं. त्याच दशकात ही गुरांची वाट रुंद करून ट्रक जाण्याजोगी केली. व्हाइट रिमवरचा शंभर मैलांचा रस्ताही तेव्हाचाच. पण इथे युरेनियम हाती लागलं ते अगदी थोडं. खाणवाले निघून गेले, रस्ते राहिले. त्या रस्त्यांनी माणसं आली, त्यांनी हे सौंदर्य पाहिलं आणि १२ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने हे राष्ट्रीय उद्यान झालं. शोधायला गेले बाँबचं सामान, आणि मागे ठेवून गेले सगळ्यांसाठी वाट.

या वाटेवर एक पथ्य कटाक्षाने पाळायचं. गाडी रस्त्याबाहेर घालायची नाही आणि पाऊलही उगाच मातीवर ठेवायचं नाही. तिथल्या मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. तो चक्क जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेला. तोच वाळवंटातली माती धरून ठेवतो. एका चाकोरीने तो मोडला तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

आणि मग समोर भिंत आली. दीड हजार फूट उंचीची लाल भिंत. वाट कुठेच दिसेना. लेकीने बोटाने दाखवली तेव्हा भिंतीवर धागा चिकटावा तशी एक रेघ दिसली, उजवीकडे जाऊन डावीकडे वळणारी, पुन्हा उजवीकडे. “तिथून?” मी विचारलं. “तिथूनच,” ती म्हणाली आणि तिने गाडी खालच्या गिअरला टाकली.

अनुभवी जीपवाले म्हणतील, ही काही त्या भागातली सर्वांत अवघड वाट नव्हे. असेल. मला विचाराल तर एका गाडीपुरती रुंदी, सुटे दगड, बहुतेक ठिकाणी कठड्याचं नाव नाही आणि वळण असं की जीपच्या नाकासमोर नुसतं आकाश. वळणागणिक दरी बाजू बदलते. कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे. माझ्याकडे आली की मी दाराची कडी घट्ट धरायची, जणू कडी धरल्याने जीप थांबणार होती! लेक मात्र शांत. वेग चालत्या माणसाएवढा. ओठ हलत होते. मी कान दिला. ती पुटपुटत होती, “घाईने घाट चढत नाही, घाट ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचा...” ह्यांचे शब्द. तोच सूर. आंब्या घाटात पंचवीस वर्षांपूर्वी ऐकलेला. मी खिडकीबाहेर पाहू लागले. डोळ्यांत पाणी यायला धूळ हे कारण पुरेसं होतं.

मधल्या एका वळणावर वरून गाडी आली. मोठा पिकअप ट्रक, आत सत्तरीच्या घरातलं एक जोडपं. दोघांना जागा नव्हती. माझ्या छातीत धडधडायला लागलं. पण त्या आजोबांनी क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि ट्रक हळूहळू मागे, वर नेला, थेट मागच्या रुंद जागेपर्यंत. आम्ही पुढे गेलो तेव्हा त्यांनी टोपी उचलून हसून निरोप दिला. आजीबाईंनीही हात हलवला.

“चढणाऱ्याला आधी वाट,” लेक म्हणाली. “बाबा नेहमी सांगायचे.” आपल्या घाटांतही नियम हाच. कारण साधं आहे. चढणारी गाडी थांबली तर पुन्हा हलवणं जड, आणि तिला उतारावरून मागे न्यायचं तर तोल राखणं कठीण. उतरणाऱ्याला मागे जाणं त्या मानाने सोपं. म्हणून ज्याला सोपं जातं त्याने मागे व्हायचं. यात कमीपणा कसला?

आणखी थोडं वर गेल्यावर वरच्या टप्प्यावर धूळ उडताना दिसली. उघड्या भिंतीवर गाडी फार लांबून दिसते. आमच्या शेजारीच रुंद जागा होती. खरं तर हक्क आमचा, पण लेकीने जीप तिथेच बाजूला घेतली. दोन गाड्या खाली निघून गेल्या. मी विचारलं, “आता गं?” ती म्हणाली, “नियम भांडायच्या वेळेसाठी असतो. जागा आपल्याकडे असेल तर थांबायचं. हेही बाबांचंच.”

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काठापासून सुरक्षित अंतरावर बसून आम्ही डबा सोडला. खाली ती रेघ दिसत होती आणि तिच्यावर खेळण्यातल्यासारखी एक जीप. चहा ओतताना लेकीने महिनाभर मनात ठेवलेला प्रश्न विचारला. “आई, आता कोल्हापूरचं घर काढून टाक आणि माझ्याकडेच राहा ना. एकटी किती दिवस काढशील? आता तुझे दिवस आरामाचे.”

तिची काळजी खोटी नव्हती. रात्री माझा फोन लागला नाही तर ती झोपत नाही, हे मला ठाऊक आहे. मी चहाचा घोट घेतला. म्हटलं, “बाळा, तुला वाटतं मी उतरणीला लागलेय. पण नीट बघ. हे गेल्यावर मी बँकेचे व्यवहार शिकले. विजेचं बिल मोबाइलवरून भरते. अपार्टमेंटची सेक्रेटरी झाले. भांडणं मिटवते, टँकर मागवते. गल्लीतल्या चार मुलांचं मराठी माझ्याकडे आहे. एकटीने घर चालवणं ही माझी चढण आहे आणि ती मी आता कुठे अर्धी चढलेय. मला मधेच थांबवू नकोस. चढणाऱ्याला वाट दे.”

ती काही बोलली नाही. दूरवर नदीच्या वळणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि माझी चढण?” प्रश्न रास्त होता. नवी नोकरी, परका देश, रात्रीची काळजी. मी म्हटलं, “तुझीही आहेच. म्हणून जागा माझ्याकडे असेल तेव्हा मी थांबीन.”

मग तिथेच बसून ठरलं. दर वर्षी उन्हाळ्यात तीन महिने मी तिच्याकडे. दिवाळीत, रजा मिळेल तेव्हा, ती माझ्याकडे. रोज रात्री नऊला एक फोन, चुकवायचा नाही. गुडघे किंवा हृदय कुरकुरायला लागलं तर लपवायचं नाही आणि त्या वेळी ती सांगेल ते मी ऐकायचं. घर मात्र राहणार.

आजकाल घराघरांत हा प्रश्न उभा आहे. मुलं लांब, आईवडील इकडे. कुणी कुणासाठी मागे व्हायचं यावर दोन्हीकडून अश्रू नि अबोला. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्यापाशी नाही. प्रत्येकाचा घाट वेगळा. पण अरुंद वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर हॉर्न वाजवून वाट रुंद होत नाही. कुणाला मागे होणं सोपं आहे आणि जागा कुणाकडे आहे, एवढं दोघांनी पाहावं. आज एकाने, उद्या दुसऱ्याने.

आता रात्री नऊला लेकीचा फोन येतो. “कधी येतेस?” असं ती विचारत नाही. विचारते, “काय सेक्रेटरीबाई, चढण कशी आहे?” मी सांगते, “खालच्या गिअरात आहे, पण चाललीय.”