मालेगावात समुद्र सांभाळताना

मालेगावहून समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र त्याचा एक तुकडा आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खालच्या कपाटातली फिल्टरची टाकी, जिला सगळे सम्प म्हणतात, ती धरून सुमारे १९० लिटर पाणी. त्यात दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि मऊ प्रवाळ. कठीण सांगाड्याचे प्रवाळ नाहीत. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. घरात ठेवायचा विचारही करू नये. त्यामुळे कॅल्शियम मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा खर्च वाचतो. आठवड्याला २० लिटर पाणी बदलले की मऊ प्रवाळांचे भागते.

गेल्या वर्षी ही टाकी ऑटोमॅटिक करायला घेतली. बाजारात प्रत्येक कामासाठी यंत्र आहे. कोणते काम यंत्राला द्यायचे आणि कोणते माणसाकडे ठेवायचे, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही.

पहिले काम बाष्पीभवनाचे. हवेत उडते ते फक्त पाणी; मीठ मागेच राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात आमच्या टाकीतले रोज चार लिटर पाणी उडते. पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर १९० चे १७० लिटर होतात आणि क्षारता ३५ वरून ३९ वर जाते. कोळंबी आणि प्रवाळ यांना ते झेपणे कठीण.

ही भरपाई सहा वर्षे अब्बांनी केली. चाळीस वर्षे लूम चालवलेला माणूस. त्या आवाजाने कान गेले, पण फजरची नमाज झाली की सम्पवर मार्करने ओढलेल्या रेघेपर्यंत गोडे पाणी ओतायचे, यात खंड नाही. मग कंबरेचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वाकणे आणि बादली उचलणे बंद केले. माझा मुलगा म्हणाला, "ऑटो टॉप-अप लावू या." अब्बा म्हणाले, "मशीन पानी डालेगी, तो मैं क्या देखूँगा?"

हा प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता. घरातल्या वयस्क माणसाकडून आपण एकेक काम काढून घेतो, दर वेळी त्याच्या भल्यासाठीच. आणि मग म्हणतो, हल्ली त्यांचे कशात लक्षच लागत नाही.

टॉप-अपची रचना साधी असते. सम्पमध्ये पातळी पाहणारा सेन्सर, शेजारी आरओ-डीआय पाण्याचा डबा आणि त्यात छोटा पंप. पातळी उतरली की पंप सुरू, चढली की बंद. दुकानदार ५० लिटरचा डबा घ्या म्हणत होता, म्हणजे बारा दिवस बघायला नको. अब्बांनी एवढेच विचारले, "बंद नहीं हुई तो?" लूममध्ये आडवा धागा तुटला की लूम थांबवणारी योजना असते. ती बिघडली तर कापड वाया जाते. त्यांच्या लेखी यंत्राची पारख ते कसे चालते यावर नाही, कसे थांबते यावर होते.

मी वही घेऊन बसलो. सेन्सरवर गोगलगाय बसली आणि पंप चालूच राहिला, तर ५० लिटर गोड्या पाण्याने क्षारता २८ च्या खाली येईल, शिवाय फरशीवर तळे होईल. डबा १० लिटरचाच असेल, तर तो पूर्ण रिकामा होऊनही क्षारता ३३ च्या आसपास राहील. म्हणून डबा १० लिटरचा घेतला. त्यावर दुसरी राखण म्हणून एक फ्लोट स्विच. नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवले, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते.

दुसरे काम तापमानाचे. रास्पबेरी पायवर चालणारी रीफ-पाय ही मुक्त प्रणाली मुलाने बसवली. उन्हाळ्यात ती पाण्यावर वारा घालणारा पंखा चालवते. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने टाकी गार होते. मालेगावच्या कोरड्या हवेत हे छान जमते. मुंबईच्या दमट हवेत तितके जमणार नाही. पंखा लावला की पाणी जास्त उडते, म्हणून टॉप-अपशिवाय पंखा म्हणजे अर्धवट काम. हिवाळ्यात हीटर. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६ अंशांवर, आणि तो अडकला तर कंट्रोलर २७ वर वीज तोडतो. लाइट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

मुलाच्या यादीत तिसरे यंत्र होते ऑटो फीडर. ते मी खोडले. मासे खातात ती दोन मिनिटेच कोणीतरी टाकीकडे नीट पाहते. ते काम अब्बांकडे दिले. स्टूलवर बसून चिमूटभर दाणे टाकायचे, वाकायचे नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मोबाइलवर सगळे ठीक दिसत होते. तापमान २५.८, पातळी बरोबर. दाणे टाकताना अब्बांचा एक हात कपाटावर होता. म्हणाले, "इसका दम बैठ रहा है." त्यांना ऐकू आले नव्हते, तळहाताला कळले होते. मी पंप उघडला. आतल्या चक्रावर चुन्याचा थर चढला होता आणि वर जाणारी धार निम्मी झाली होती. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, संध्याकाळी पूर्ववत झाला. कंट्रोलरला याची खबर नव्हती, कारण प्रवाह मोजायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. फ्लो सेन्सर मिळतो, तो यंदा घेणार आहे. पण काय मोजायचे हे यंत्राला आधी माणसाने सांगावे लागते, आणि त्यासाठी माणूस टाकीजवळ असावा लागतो.

कोणी ही हौस नव्याने करत असेल तर माझा क्रम असा: आधी टॉप-अप आणि त्याचा दुसरा स्विच, मग तापमानाची दुहेरी राखण, मग बॅटरी. रंगीत दिवे आणि मोबाइलवरचे आलेख नंतर.

डबा मुलगा भरतो. किती लिटर लागले याची वही अब्बा ठेवतात, उर्दूत. पाणी अचानक कमी किंवा जास्त लागले तर काहीतरी बिघडले आहे, हे त्या वहीवरून लगेच कळते. एप्रिलच्या पानावर त्यांनी 'पंखा शुरू' असे लिहिले आहे. त्याखालचे आकडे दीड लिटरवरून चारवर गेलेले दिसतात.