अब्बांचं घड्याळ

अब्बांचा इंतकाल झाल्यावर त्यांचं चावीचं एचएमटी मी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. सात वर्षं. जपतोय, असंच मला वाटत होतं. या रमजानमध्ये काढून चावी दिली, तर काटे जागचे हलेनात.

एका चकचकीत दुकानात म्हणाले, "आतली मशीन काढून बॅटरीची टाकू, डायलही नवी करू." मग उरलं काय अब्बांचं? मी परत फिरलो.

मशिदीजवळच्या घड्याळवाल्या चाचांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. "बेटा, बिघडलं काहीच नाही. तेल सुकलंय. ठेवून दिलं की असंच होतं."

एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने घड्याळाची ती कंपनी बंद करायचं ठरवलं. आता चाचा जुन्या घड्याळांतून सुटे भाग काढून जपून ठेवतात.

माझं घड्याळ त्यांनी पूर्ण खोललं, भाग धुतले, चाकांच्या टोकांना थेंबभर तेल दिलं. पिवळी पडलेली डायल तशीच ठेवली. "रोज ठरल्या वेळी चावी द्या, अडली की थांबा. वुजूआधी काढून ठेवा. चार-पाच वर्षांनी पुन्हा आणा."

मोबाइल बघून वेळ लावली. मग काटा पाच मिनिटं पुढे सरकवला. जमात चुकू नये म्हणून अब्बा तसंच ठेवायचे. इफ्तारला मात्र अम्मी ती पाच मिनिटं न विसरता वजा करायची.

आता फजरनंतर चावी देतो. रोज.