घाटाचा फेरा

वऱ्हाडात सायकल म्हणजे सपाटीवरची कामकरी. दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, शाळेत निघालेली दोन पोरं, सगळं तिच्याच पाठीवर. तिला घेऊन कुणी हौसेनं डोंगर चढत असेल, तर लोकांनी विचारावंच. धामणगाव गढीच्या टपरीवर चहा घेताना एका आजोबांनी विचारलं, ‘‘काहून बाप्पा, गाडी नाही भेटली का?’’ मी हसलो. सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतंच.

परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा, चिखलदरा. उतरताना सलोना आणि घटांगवरून पुन्हा परतवाडा, असा हा फेरा. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या वाटा सायकलीला बंद, आणि ते बरंच आहे. फुटलेलं डांबर आणि कडेची मुरमाड पट्टी माझ्या मांड्यांना पुरते.

अमरावती साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. मोटारीत बसून हा फरक कानाला दडा बसल्यावर कळतो. सायकलवर तो आधी नाकाला कळतो. खाली सोंगलेल्या सोयाबीनचा कोरडा, धुळकट वास असतो. मग सागाची सावली सुरू होते, ओल्या पाचोळ्याचा वास येतो आणि घाम एकदम गार लागतो. सगळ्यात हलका गिअर टाकूनही चेन करकरते. वेग इतका उतरतो की सागाच्या पानाची अळीनं केलेली जाळी शीर न् शीर दिसते.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज जड तोफा ओढत हेच डोंगर ओलांडून गेली. गाविलगड किल्ल्यावर उत्तरेकडून मारा करायचा, म्हणून वाट फोडत फोडत ती ७ तारखेला निघून १२ला लवाद्याला पोचली. १५ला किल्ला पडला. लढाईचं श्रेय सेनापती वेलस्लीला मिळालं. मला मात्र चढावर त्या तोफांचे बैलच आठवतात. तेही वळणावर असेच फुरफुरत थांबले असतील.

मोथ्याला गवळ्यांच्या म्हशी रस्ता ओलांडेपर्यंत थांबावं लागतं. एरवी कंटाळा आला असता; इथं तेवढाच दम खाता येतो. चिखलदऱ्यात पॉइंटांवर मी रेंगाळत नाही. दरी बघायला गर्दी असतेच.

खरी परीक्षा घटांगच्या बाजूला. चढताना चूक झाली तर फार तर पाय टेकतो. उतारावर मात्र सावलीतल्या वळणांना शेवाळ, त्यावर सागाची पानं, आणि ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर. पुढचा ब्रेक जरा जास्त लागला की चाक सटकलंच. अशाच एका वळणावर गाई ठाण मांडून बसलेल्या. घंटीला त्या जुमानेनात, म्हणून उतरून चालू लागलो. त्यांच्या मागचा कोरकू पोरगा चाकापाशी उकिडवा बसला, डिस्कमध्ये अडकलेलं पान काढून टाकलं, घंटी दोनदा वाजवून बघितली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, पुढच्या वळणावर गिट्टी सांडली आहे, डाव्या अंगानं जा.

गिट्टी होतीच. मी डावीकडून गेलो.