टेंभुर्णीहून डावीकडे

पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी आलं की आमच्या गाडीतली गाणी बंद होतात. कोणी ठरवून करत नाही, होतात. इथून डावीकडे करमाळ्याचा रस्ता फुटतो आणि त्या तालुक्यात बायकोचं माहेर आहे. २०१३ मध्ये आम्ही लग्न केलं (जात वेगळी, रजिस्टर पद्धतीनं, साक्षीला दोन कलीग आणि एक रूममेट). तेव्हापासून तिचे वडील आमच्याशी बोललेले नाहीत. त्यामुळे आम्ही दरवेळी सरळ.

गेल्या शनिवारी मात्र तीच म्हणाली, "डावीकडे घे. 'सैराट'ची ठिकाणं बघू."

आता ज्या तालुक्यात दहावीपर्यंत शिकली, तिथं हिला टुरिस्ट म्हणून जायचंय! मी काही न बोलता इंडिकेटर दिला.

'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. नागराज मंजुळे मूळचे जेऊरचे, म्हणजे याच तालुक्यातले. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. प्रेमाची गाणी घ्यायला स्वित्झर्लंड-बिट्झर्लंड लागत नाही, करमाळा पुरतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला, तो गेला उदयपूरला. तलाव छान, महाल छान. पण मला तरी त्यात कोणाचं रान कुठंय ते कळेना. 'सैराट'मध्ये ते लगेच कळतं, कारण इथं पाणी कोणाकडे आहे त्यावर सगळं आहे.

कंदर लागलं की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते. ही कृपा उजनीची. त्या हिरव्या केळीत आर्ची-पर्श्या भेटतात ते आपल्याला रोमँटिक वाटतं, पण इकडचा माणूस आधी बघतो की बाग पाटलाची आहे. पर्श्याचा बाप मासे धरणारा. त्याचाही संबंध पाण्याशीच, फक्त काठाच्या पलीकडून.

उजनीची एक गंमत सांगतो. या धरणाची टक्केवारी 'मायनस'मध्ये जाते. पहिल्यांदा पेपरात वाचलं तेव्हा मला बग वाटला होता :) एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त ५३. टक्के मोजतात ते या ५३ चे. तो संपून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली. मग बुडालेल्या गावांचे अवशेष वर येतात. कुगावकडचा इनामदारांचा वाडा असाच पाण्यात उभा आहे, तोही 'सैराट'मुळे लोकांना माहीत झाला.

असो. आम्ही गेलो देवीच्या माळावर, कमलाभवानीच्या देवळात. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं. इथं सगळं ९६ च्या हिशोबात, विहिरीलाही ९६ पायऱ्या. बायको सराईतासारखी काठावर जाऊन उभी राहिली.

"यात्रेला यायचो. दादा पायऱ्या मोजायला लावायचे. माझ्या कधीच शहाण्णव भरल्या नाहीत."

दादा म्हणजे तिचे वडील. इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून फार तर चार वेळा ऐकला असेल.

तेवढ्यात कॉलेजातलं एक जोडपं आलं. "ताई, एक फोटो काढता? 'सैराट'सारखा." हिनं काढला, दोन-तीन काढले. फोन परत देताना विचारलं, "घरी माहितीये?" मुलगी हसली. मुलगा हसला नाही.

खरं सांगायचं तर हिनं 'सैराट' अजून पूर्ण बघितलेला नाही. पुण्यात थिएटरमध्ये बघत होतो. शेवटी माहेरची माणसं पिशव्या भरून सामान घेऊन आर्चीच्या दारात येतात ना, तिथं ही उठली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. बाहेर आलो तर पार्किंगमध्ये बाईकला टेकून उभी. पुढं काय झालं ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पेपरात आलं असेलच तिच्या वाचनात.

परतताना म्हणाली, "पुढच्या फाट्यावर जरा हळू घे."

हळू घेतली. फाट्यावर चहाची टपरी, एसटीचा थांबा, वडाखाली दोन-तीन म्हातारी माणसं बसलेली. पांढरे शर्ट, टोप्या. तिनं काच खाली केली. मी थांबवू का विचारणार होतो.

"कमान नवीन बांधलीय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "चल."

मोहोळपर्यंत काच खालीच होती.